हल्ला न झालेली घरंही मोजा

प्रश्न थोडक्यात असा होता. विचारणाऱ्या बाई नारायणगावकडच्या, सध्या पुण्यात एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. प्रबंधासाठी बिबट्या आणि माणूस यांच्यातला संघर्ष हा विषय घ्यायचा आहे. मार्गदर्शक म्हणतात, ट्रॅप कॅमेरे (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे) लावून बिबट्यांची संख्या काढा. घरचे म्हणतात, मोजून काय करणार, सगळे उचलून लांब जंगलात सोडा म्हणावं. हातात आठ-नऊ महिने आहेत. काय करावं?

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर, आंबेगाव, शिरूर या पट्ट्यात मी बरीच वर्षं हेच काम करतो आहे. त्या जोरावर लिहितो. उत्तर लांबणार आहे.

आधी घरच्यांचं म्हणणं घेऊ, कारण तो प्रयोग आपल्याच जिल्ह्यात होऊन गेला आहे. फेब्रुवारी २००१ मध्ये जुन्नर भागात बिबटे पकडून आसपासच्या जंगलात सोडायची मोहीम सुरू झाली. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी तिचा अभ्यास करून २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मोहिमेच्या सुरुवातीला २९ बिबटे पकडल्या जागेपासून सरासरी ३९.५ किलोमीटरवर नेऊन सोडले होते. त्यानंतर माणसांवरचे हल्ले सरासरी ३२५ टक्क्यांनी वाढले आणि त्यातल्या जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाण दुप्पट झालं. हल्ल्यांचे पुंजके दोन ठिकाणी दिसले: जिथून बिबटे उचलले तिथे, आणि जिथे सोडले त्या जंगलाच्या कडेला. उचलून नेलेला बिबट्या नव्या जागी गप्प बसत नाही. तो परत फिरतो किंवा अनोळखी मुलखातल्या माणसांच्या वाटेवर येतो. इकडे त्याची रिकामी झालेली हद्द दुसरा, बहुधा तरुण आणि अननुभवी बिबट्या धरतो.

परत फिरण्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे ‘आजोबा’. २००९ मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला हा थोराड नर. त्याला बाहेर काढून, गळ्यात जीपीएस कॉलर घालून माळशेज घाटात सोडलं. तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला गेला. वाटेत महामार्ग, रेल्वे, खाडी, सगळं आलं. कुणावरही हल्ला केला नाही. २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गाडीखाली मेला. घरच्यांना हे सांगून बघा. आकडेवारीपेक्षा ही गोष्ट पटते, असा माझा अनुभव आहे.

एक मात्र ध्यानात ठेवा. २००१ च्या मोहिमेवरच्या त्या अभ्यासातही लेखकांनी ‘स्थलांतरामुळेच हल्ले वाढले’ असं ठामपणे म्हटलेलं नाही. ‘त्यामुळे वाढले असावेत’ इतकंच म्हटलं आहे. ‘आधी आणि नंतर’ अशी तुलना असली की हा सावधपणा ठेवावाच लागतो. हा मुद्दा पुढे तुमच्याच कामात येणार आहे.

आता मार्गदर्शकांचं म्हणणं. बिबट्यांची गणना हे काम वाईट नाही. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी असते, त्यामुळे फोटोवरून प्राणी ओळखता येतो. डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी, म्हणून एका ठिकाणी दोन कॅमेरे समोरासमोर लावावे लागतात. जंगलात जनावर कुठल्या वाटेने जाईल याचा अंदाज बांधावा लागतो; उसाच्या मुलखात पाणंद, कॅनॉलचा रस्ता आणि ओढ्याचं पात्र या तिन्हीवर कॅमेरे लावले की बरंच भागतं. कॅमेरे चोरीला जातात हा खर्च आधीच धरा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात अशीच मोजणी झाली आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली: १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ४.८ प्रौढ बिबटे. जंगल नावाला नाही आणि दर चौरस किलोमीटरला ३०० हून जास्त माणसं. तरीही माणसांवरचे हल्ले तिथे फारच कमी होते.

गणनेबद्दलची माझी कुरकुर इथेच सुरू होते. बिबटे भरपूर आणि हल्ले नगण्य असं होऊ शकतं. बिबटे तितकेच राहून एका हंगामात तीन माणसं गेली असंही होऊ शकतं. जुन्नर वनविभागात एका ठिकाणी महिनोन्‌महिने काही घडत नाही, मग पंधरा-वीस दिवसांत एकाच शिवारात एकापाठोपाठ घटना होतात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत परिसरात असंच झालं. जेमतेम तीन आठवड्यांत तिघांचा जीव गेला, त्यातली दोन लहान मुलं. लोकांनी वनखात्याची गाडी पेटवली, पुणे-नाशिक महामार्ग अडवला, आणि शेवटी नेमबाज आणून बिबट्या मारावा लागला. त्या तालुक्यात बिबटे शंभर आहेत की दोनशे, हे कळून या तीन आठवड्यांचा उलगडा होत नाही. कुठला प्राणी, कुठल्या वेळी, कुठल्या जागी, समोरचा माणूस त्या क्षणी काय करत होता, हे कळलं तर थोडाफार होतो.

म्हणून माझा सल्ला असा: घटना मोजा, आणि घटनांच्या शेजारी न घडलेल्या घटनाही मोजा.

समजा तुम्ही गेल्या काही वर्षांत माणसांवर झालेले हल्ले घेतलेत, प्रत्येक जागी गेलात आणि लिहिलंत की ऐंशी टक्के घरं उसापासून पन्नास मीटरच्या आत होती. (आकडा उदाहरणापुरता, खरा नाही.) वाचायला छान वाटतं. पण त्या भागातली सगळीच घरं उसापासून पन्नास मीटरच्या आत असतील, तर तुम्ही काहीच शोधलेलं नाही. येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज, पिंपळगाव जोगे या कुकडी प्रकल्पाच्या धरणांचं पाणी आलं, मागोमाग साखर कारखाने आले, आणि ऊस दारापर्यंत आला. आडसाली ऊस दीड वर्ष उभा असतो, खोडवा धरला तर तेच रान पुन्हा वाढतं. आज या भागात ‘घर उसाजवळ आहे’ हे ‘घराला छप्पर आहे’ इतकंच सांगतं.

साथरोगवाले अशा वेळी काय करतात ते उचला. प्रत्येक हल्ल्याच्या घरामागे त्याच गावातली, जवळपास तशाच परिस्थितीतली, पण हल्ला न झालेली तीन-चार घरं चिठ्ठ्या टाकून निवडा. तिथे तेच प्रश्न विचारा, तीच मोजमापं घ्या. मग फरक कुठे पडतो ते दिसेल. शौचालय घरात की आडोशाला? संध्याकाळी साडेसहा ते नऊ या वेळात अंगणात मूल एकटं असतं का? गोठ्याला वरून जाळी आहे की फक्त चारी बाजूंनी? उकिरडा, कोंबड्यांची खुराडी, मेलेल्या कोंबड्या टाकायची जागा किती अंतरावर आहे? गावात मोकाट कुत्री किती? रात्रीची लाईट आली की दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, कोण जातं, एकटं जातं की जोडीने? घराभोवतीचं गवत, गिन्नी गवत, मका, केळी हेही लिहा. सगळा दोष उसालाच देऊ नका. मागच्या पाच वर्षांतल्या घटना घेतल्या आणि प्रत्येकीमागे तीन घरं धरली तरी आठ महिन्यांत होण्यासारखं आहे. विश्लेषणाला लॉजिस्टिक रिग्रेशन (हल्ला झाला की नाही, यावर कुठल्या गोष्टीचा किती परिणाम होतो ते काढायची संख्याशास्त्रातली पद्धत) पुरेल. मार्गदर्शकांना हा आराखडा दाखवा. संख्याशास्त्र येत असेल तर ते नाही म्हणणार नाहीत.

कुत्र्यांचा प्रश्न उगाच घातलेला नाही. त्याच अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेतले केस सूक्ष्मदर्शकाखाली बघून त्याचा आहार काढला, तेव्हा वजनाच्या हिशेबात सगळ्यात मोठा वाटा पाळीव-भटक्या कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असूनही त्यांचा वाटा ११ टक्क्यांच्या आसपासच. कारण शेळी रात्री कोंडलेली असते, कुत्रं मोकळं असतं. बंदिस्त गोठ्याची जाहिरात करायला याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. विष्ठा गोळा करताना कुत्र्याची आणि बिबट्याची यात गल्लत होते. शंका असेल तो नमुना एकतर डीएनएला पाठवा, नाहीतर सोडून द्या.

घटनेची नोंद कशी करायची याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण नव्या संशोधकांचं घोडं इथेच अडतं. वनखात्याकडे नुकसानभरपाईचे पंचनामे असतात. तो खजिना आहे, पण तो भरपाईसाठी केलेला कागद आहे, संशोधनासाठी नाही. त्यात वेळ ‘अंदाजे रात्री’ अशी असते, जागा ‘गट नंबर अमुक’ अशी असते. गट नंबर पाच एकरांचा असला तर नेमकी जागा घरच्यांना विचारूनच कळते. शिवाय शेळी मेली म्हणजे बिबट्यानेच मारली असं नसतं. कुत्र्यांची टोळी, लांडगा, तरस यांचीही कामं असतात. गळ्यावरची सुळ्यांची छिद्रं, ओढत नेल्याची खूण, कुठून खायला सुरुवात केली, हे बघायला ज्या वनरक्षकाचे डोळे तयार आहेत त्याच्याबरोबर सुरुवातीला फिरा. दहा पुस्तकं शिकवणार नाहीत ते तो एका पंचनाम्यात शिकवेल. माणसाच्या बाबतीत जखमेवरची लाळ वेळेत पुसून घेतली तर डीएनएवरून कुठला प्राणी, इतकंच नाही, कुठला बिबट्या हेही कळू शकतं. हे घटना घडल्यावर काही तासांतच होतं, नंतर नाही. आणि ते व्हायला हवं, कारण हल्ल्यानंतर लावलेल्या पिंजऱ्यात जो पहिला येतो तोच हल्लेखोर असं धरून चालण्याची आपल्याला सवय लागली आहे. पिंजऱ्यातल्या शेळीच्या वासाने त्या रात्री जवळून जाणारा कुणीही येतो. निर्दोष मादी आत आणि हल्लेखोर बाहेर, गावाला मात्र वाटतं संकट टळलं. त्यातूनच दुसरी घटना घडते.

पकडलेल्यांचं काय होतं हेही विचारलं जाईल. माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात जागा मर्यादित आहे. काही बिबटे गुजरातेत जामनगरला पाठवले गेले. माणसं मारल्याचं सिद्ध झालेला प्राणी आयुष्यभर आत ठेवणं मला मान्य आहे. दिसला म्हणून पकडलेला प्राणी आत ठेवणं मान्य नाही, आणि परवडणारंही नाही.

उपायांवर काम करायचं असेल तर तोही चांगला विषय आहे, पण सापळा ओळखा. एखाद्या गावात हल्ले होतात, आरडाओरड होते, मग सौर दिवे येतात, भोंगे वाजवणारी सेन्सरची यंत्रं येतात, सौर कुंपण येतं. पुढच्या वर्षी हल्ले कमी. यंत्र बसवणारे म्हणतात, बघा. मी म्हणतो, हल्ल्यांचा पुंजका तसाही ओसरलाच असता, कारण अशा घटना सलग चालत नाहीत. यंत्र न बसवलेलं, पण तितकेच हल्ले झालेलं गाव तुलनेला घेतल्याशिवाय काही सिद्ध होत नाही. भोंग्याला बिबट्या किती आठवड्यांत सरावतो हेदेखील कुणीतरी ट्रॅप कॅमेरे लावून सलग बघायला हवं. करणार असाल तर हा प्रबंध मी आवडीने वाचेन.

निर्बीजीकरण किंवा गर्भनिरोधक लस हा सध्याचा गाजणारा विषय. माझं मत विरोधाचं नाही, पण घाईचंही नाही. लस दिलेली मादी उद्याही तितकीच शेळी खाणार आणि तितक्याच अंगणांतून जाणार. फरक पडलाच तर काही वर्षांनी, पिल्लं कमी झाल्यावर. बऱ्याच लसींना पुन्हा मात्रा लागते, म्हणजे तीच मादी पुन्हा पकडावी लागते. थोड्या माद्यांवर, कॉलर लावून, काही वर्षं मागोवा घेत करायला हरकत नाही. जंगलात शेळ्या सोडायची कल्पनाही जाहीर चर्चेत आली होती. उसात जन्मलेला बिबट्या शेळी खायला भीमाशंकरच्या जंगलात जाईल, असं जुन्नरचा कुठलाही मेंढपाळ म्हणणार नाही. रात्री कळपाभोवती वाघर (जाळीचं कुंपण) लावून जागणाऱ्या त्या माणसांना बैठकीला कुणी बोलावत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

पिल्लांबद्दल थोडं. ऊसतोडीच्या हंगामात फडात पिल्लं सापडतात. तोडणी थांबवून ती त्याच जागी क्रेटमध्ये ठेवली, माणसं लांब केली आणि कॅमेरा लावला, तर बहुतेक वेळा मादी अंधार पडल्यावर येऊन एकेक करून घेऊन जाते. वनखातं आणि वन्यजीव बचाव संस्थांनी जुन्नरमध्ये हे पुन्हा पुन्हा करून दाखवलं आहे. पिल्लं उचलून नेली तर मादी आठवडाभर त्या रानात शोधत फिरते, आणि तेव्हा तिथे तोडणीवाल्यांच्या कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) असतात. त्यामुळे हे भूतदयेच्या बरोबरीने मजुरांच्या सुरक्षिततेचंही काम आहे. कोप्यांमधली मुलं मात्र आपल्या सगळ्या अभ्यासांतून निसटतात. ती गावच्या यादीत नाहीत, शाळेच्या पटावर नाहीत. तुमच्या नमुन्यात त्यांना नक्की घ्या.

माणूस गेलेल्या घरी जाताना पहिल्या महिन्यात प्रश्नावली घेऊन जाऊ नका. आधी ओळखीच्या माणसाबरोबर जा, भेटा, निघा. भरपाईचं काही अडलं असेल तर तेवढं विचारा. महाराष्ट्रात मृत्यूसाठी आता २५ लाख रुपये मिळतात, त्यातला काही भाग लगेच आणि उरलेला ठेवीत. गुरं गेली तर ४८ तासांत जवळच्या वनकर्मचाऱ्याला कळवायचं असतं, हेच कित्येकांना माहीत नसतं. १९२६ ही वनखात्याची हेल्पलाइन आहे, तिचा क्रमांक द्या. आणि सहजीवनाचे धडे त्या घरात देऊ नका. अकोल्याकडे महादेव कोळी लोक वाघबारसेला वाघोबाची पूजा करतात, ती खरी आणि जिवंत श्रद्धा आहे, तिच्यावर अवश्य लिहा. पण सह्याद्रीच्या कुशीतली ती परंपरा शिरूरच्या बागायतदाराची असेलच असं नाही. दुसऱ्याचा देव दाखवून त्याला ‘तूही सहन कर’ म्हणणं बरोबर नाही.

पुणे शहरातल्या बिबट्यांबद्दल विचारलं नाहीत, तरी मार्गदर्शक विचारतील. कात्रज, सिंहगड, एनडीएच्या बाजूला बिबट्या आहे हे जुनंच. २०२५ मध्ये तो लोहगाव विमानतळाच्या आवारात दिसला, नोव्हेंबरात औंधमध्ये दिसला. दिसणं म्हणजे संघर्ष नव्हे. शहरातला संघर्ष बहुधा गर्दी सुरू करते: पन्नास मोबाइल, दोन्ही बाजूंनी आरडाओरड, आणि मध्ये बाहेर पडायला वाट नसलेलं जनावर. औंधच्या वेळी तर एआयने बनवलेली खोटी चित्रं खऱ्या फोटोंहून वेगाने फिरत होती. अफवा कशा पसरतात आणि वनखात्याची माणसं त्यात किती तास घालवतात, यावर पुण्यातच बसून सुंदर काम होईल.

आणि बिबट्याचा हट्ट नसेल तर आणखी एक. सासवड, बारामती, इंदापूरच्या माळरानांवर लांडगा आहे. धनगरांच्या मेंढ्या, माळरानांवर चढणारे प्लॉट, भटकी कुत्री, त्यांच्याकडून येणारे आजार, इतकंच काय, लांडगा आणि कुत्रा यांच्या संकराचा पुरावाही पुण्याजवळ सापडला आहे. बिबट्यावर कॅमेरे घेऊन टपलेले दहा जण, लांडग्यामागे दोन.

शेवटी कागदपत्रं. बिबट्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पकडणं, बेशुद्ध करणं, कॉलर घालणं यासाठी वरिष्ठ पातळीवरच्या परवानग्या लागतात; एमएस्सीच्या मुदतीत त्या मिळतील असं धरू नका, आणि मी सांगितलेल्या कामाला त्या लागतही नाहीत. वनजमिनीवर कॅमेरे लावायचे तर परवानगी हवी. खासगी शेतात शेतकऱ्याची लेखी संमती घ्या आणि जुन्नरच्या उपवनसंरक्षक कार्यालयाला पत्राने कळवा. जुने पंचनामे बघायचा अर्ज याच आठवड्यात टाका, कारण फायली निघायला वेळ लागतो आणि तोडणी सुरू झाली की वनपाल-वनरक्षक जागेवर सापडत नाहीत. महाविद्यालयाच्या नीती समितीची मंजुरी मुलाखतींसाठी वेगळी लागेल. घरं बघायला सकाळी आठ ते दुपारी चार जा. संध्याकाळच्या नोंदी हव्या असतील तर दुचाकीवर एकटीने पाणंदीतून जाऊ नका, कुणालातरी बरोबर घ्या. पहिली दहा घरं झाली की प्रश्नावली पुन्हा लिहावी लागेल. तेव्हा कळवा, मी बघून देईन.